दुसऱ्याच्या नावचे पत्र

इतिहास कशाच्या आधारे लिहावा, हा प्रश्न महाराष्ट्रात एके काळी मोठ्या हिरिरीने लढवला गेला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि बखरींवर विसंबून राहिलेल्या आमच्या समाजाला अस्सल पत्रांची गोडी लावली. बखर मागाहून लिहिली जाते. कोण जिंकले आणि कोण हरले हे बखरकाराला आधीच ठाऊक असते. म्हणून त्याचे नायक पहिल्या पानापासून नायकासारखे बोलतात. पत्र लिहिणाऱ्याला उद्याची काहीच कल्पना नसते. तो घाईत असतो, काळजीत असतो, कधी समोरच्याची मर्जी सांभाळीत असतो, तर कधी नुसताच चिडलेला असतो. त्यामुळे पत्रात माणूस जसा हाती लागतो, तसा तो बखरीत लागत नाही.

हीच कसोटी एका परक्या देशाच्या इतिहासाला लावून पाहावी, असे आम्ही आज योजिले आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची बखर आपणां सर्वांना शाळेपासून पाठ आहे. जॉर्ज वॉशिंग्टन हा सेनापती. थॉमस जेफर्सन हा १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक. बेंजामिन फ्रँकलिन हा विजेचा अभ्यास करणारा हजरजबाबी म्हातारा. जॉन ॲडम्स हा करारी वकील. या बखरीत खोटे फारसे नाही. परंतु या चौघांनी लिहिलेल्या आणि त्यांना आलेल्या पत्रांचे गठ्ठे सोडून पाहिले, म्हणजे बखरीत नसलेली काही माणसे त्यातून डोके वर काढतात. एक गुलाम म्हणून विकली गेलेली कवयित्री. एक शेतकरी ज्योतिषी. आणि नवऱ्याच्या गैरहजेरीत शेतीवाडी सांभाळणारी एक गृहिणी. आजचे व्याख्यान प्रामुख्याने या तिघांविषयी आहे.

त्या काळी पत्र लिहिणे म्हणजे काय होते, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. पाकीट वापरण्याची रीत नव्हती. पिसाच्या लेखणीने कागद भरावा, त्याचीच घडी घालावी, वर पत्ता लिहावा आणि लाखेची मोहोर करावी. टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर मोजला जाई, आणि बहुधा तो पत्र घेणाऱ्याला भरावा लागे. म्हणून शक्य तेथे ओळखीच्या प्रवाशाबरोबर पत्र पाठवीत. या टपालाची घडी बसविण्यात फ्रँकलिनचा हात मोठा होता. १७५३ पासून तो इंग्रज सरकारचा वसाहतींतला टपालप्रमुख होता. १७७४ साली त्याला त्या जागेवरून काढून टाकण्यात आले, आणि १७७५ च्या जुलैमध्ये बंडखोर वसाहतींच्या काँग्रेसने त्यालाच आपला पहिला टपालप्रमुख नेमले. पत्र घरी आले म्हणजे ते मोठ्याने वाचले जाई, त्याच्या नकला होत, आणि विषय महत्त्वाचा असला तर ते वर्तमानपत्रातही छापले जाई. खाजगी आणि जाहीर यांमधली भिंत अशी पातळ होती. कवितेचेही तसेच. कुणी मेले, कुणी जिंकले, कुणी परगावी निघाले, की कविता रचून पत्रासोबत पाठवीत.

आता त्या कवयित्रीकडे वळू. १७६१ सालच्या जुलै महिन्यात ‘फिलिस’ नावाचे एक जहाज पश्चिम आफ्रिकेतून बॉस्टन बंदरात आले. त्यातल्या मालात सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. वय ठरविले ते तिचे पुढचे दुधाचे दात पडलेले होते यावरून. जॉन व्हीटली नावाच्या सधन शिंप्याने आपल्या पत्नीसाठी, सुझॅनाबाईंसाठी, ती विकत घेतली. मुलीचे नाव काय ठेवावे? जहाजाचेच ठेवले. ज्या जहाजातून आईबापांपासून तोडून आणले, त्या जहाजाचे नाव जन्मभर वागवायचे, आणि आडनाव मालकाचे! फिलिस व्हीटली हे नाव असे तयार झाले आहे. त्यात तिचे स्वतःचे असे एक अक्षर नाही.

घरच्या मुलीने तिला वाचायला शिकविले. सव्वा-दीड वर्षात ती बायबलमधले अवघड उतारे वाचू लागली. पुढे लॅटिन शिकली. १७६७ साली न्यूपोर्टच्या वर्तमानपत्रात तिची कविता छापून आली. १७७० साली जॉर्ज व्हाइटफील्ड हा प्रसिद्ध धर्मोपदेशक वारला, त्याच्यावरच्या तिच्या विलापिकेने तिचे नाव समुद्रापलीकडे पोचले. १७७२ साली तिचा संग्रह बॉस्टनमध्ये काढण्यासाठी वर्गणीदार मागविण्यात आले. पुरेसे मिळाले नाहीत. अखेर १७७३ साली तो लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

या पुस्तकाच्या आरंभीची दोन पाने कवितांइतकीच बोलकी आहेत. एका पानावर कवयित्रीचे चित्र आहे. समोर मेज, मेजावर दौत, हातात लेखणी, गालावर बोट टेकून ती विचारात बसलेली आहे. पण चित्राच्या चौकटीभोवती अक्षरे कोरली आहेत, त्यांचा अर्थ असा की, ही बॉस्टनच्या जॉन व्हीटलीची कृष्णवर्णी चाकर आहे. दुसऱ्या पानावर एक दाखला आहे. बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठित गृहस्थांनी त्यावर सह्या केल्या आहेत; त्यांत इंग्रज गव्हर्नर थॉमस हचिन्सन आहे, आणि तीन वर्षांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सर्वांत ठसठशीत सही करणारा जॉन हॅनकॉकही आहे. दाखला कशाचा? तर या कविता खरोखर याच मुलीने लिहिल्या आहेत, अशी आमची खात्री आहे, याचा. कवितेला दाद मिळण्यापूर्वी अठरा पुरुषांची साक्ष काढावी लागली. एक गव्हर्नर राजनिष्ठ, एक हॅनकॉक बंडखोर. राजकारणात हे दोघे एकमेकांचे हाडवैरी. या एका कागदावर मात्र दोघांच्या सह्या शेजारी नांदत आहेत, कारण आफ्रिकी मुलीच्या बुद्धीला दाखला हवा, याविषयी दोघांत मतभेद नव्हता.

पुस्तकाच्या निमित्ताने ती १७७३ च्या उन्हाळ्यात लंडनला गेली. तेथे फ्रँकलिनची भेट झाली. सुझॅनाबाई आजारी पडल्याचे कळताच ती परतली, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपर्यंत तिला गुलामगिरीतून मोकळे करण्यात आले. १८ ऑक्टोबर १७७३ रोजी डेव्हिड वूस्टर या गृहस्थांना लिहिलेल्या पत्रात ती सांगते की, इंग्लंडमधल्या स्नेह्यांच्या इच्छेवरून मालकांनी मला स्वातंत्र्य दिले. वर्षभरापूर्वीच, १७७२ साली, गुलामाला इंग्लंडच्या भूमीवरून जबरीने बाहेर नेता येणार नाही, असा निकाल लॉर्ड मॅन्सफील्ड याने दिलेला होता. हे लक्षात घेतले म्हणजे त्या ‘इच्छे’चे वजन कळते. त्याच पत्रात ती पुढे लगेच व्यवहारावर येते: आता मी माझ्या पायांवर उभी आहे, विक्रीचा निम्मा वाटा माझा आहे, तरी पुस्तके खपविण्यास मदत करावी, आणि छापखानेवाल्यांनी चोरून आवृत्ती काढू नये याकडे लक्ष ठेवावे. मुक्ततेची वार्ता आणि पोटाची चिंता एकाच कागदावर आहेत. तिच्या पुस्तकाच्या प्रती लंडनहून ज्या जहाजाने बॉस्टनला आल्या, ते ‘डार्टमथ’. त्याच जहाजावर चहाच्या पेट्याही होत्या. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टनकरांनी तो चहा समुद्रात लोटला आणि जगाच्या इतिहासात अजरामर झाले.

चहावरचा कर म्हणजे गुलामगिरी, असे तेव्हा गावोगावच्या सभांत बोलले जात होते. वसाहतींचे पुढारी आपल्या भाषणांत आणि पत्रांत ‘आम्ही गुलाम होणार नाही’ असे वारंवार लिहीत. तो केवळ अलंकार होता. परंतु ज्या घरांत ही पत्रे मोठ्याने वाचली जात, तेथे पाणी भरणारी, चूल पेटविणारी, घोडा धरून उभी असलेली माणसे ते ऐकत होती, आणि त्यांच्या लेखी ‘गुलाम’ हा शब्द अलंकार नव्हता. आजच्या विषयाला आम्ही ‘दुसऱ्याच्या नावचे पत्र’ असे नाव दिले आहे ते यासाठी. स्वातंत्र्याची ती पत्रे त्यांच्या नावची नव्हती. पण त्यांनी ती ऐकली, उघडली, आणि आपल्यालाच आली आहेत असे समजून वाचली.

११ फेब्रुवारी १७७४ रोजी फिलिसने सॅमसन ऑकम या धर्मोपदेशकाला पत्र लिहिले. ऑकम हा मोहेगन जमातीचा, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी होता. तिचे म्हणणे थोडक्यात असे: ईश्वराने प्रत्येक माणसाच्या अंतःकरणात स्वातंत्र्याची ओढ घातली आहे, ती जुलूम सोसत नाही, आणि ती आम्हां लोकांतही आहे. पुढे ती म्हणते की, तोंडाने स्वातंत्र्याचा घोष आणि हाताने दुसऱ्यावर जुलूम या दोहोंचा मेळ कसा बसावा, हे समजण्यास काही तत्त्ववेत्त्याची गरज लागू नये. हे पत्र त्याच वसंतात न्यू इंग्लंडच्या वर्तमानपत्रांतून छापले गेले. ती तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती, आणि मुक्त होऊन तिला काही महिनेच झाले होते.

पुढच्या वर्षी युद्ध पेटले. बॉस्टन इंग्रज सैन्याच्या ताब्यात, बाहेर केंब्रिजला वॉशिंग्टनचा तळ. २६ ऑक्टोबर १७७५ रोजी फिलिसने प्रॉव्हिडन्सहून सेनापतीला पत्र लिहिले आणि त्याच्या गौरवाची कविता सोबत जोडली. आता तिकडच्या छावणीत काय चालले होते पाहा. नोव्हेंबरात वॉशिंग्टनने हुकूम काढला की, कृष्णवर्णीयांना फौजेत भरती करू नये. इकडे व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर लॉर्ड डन्मोर याने जाहीर केले की, बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या बाजूने लढतील त्यांना मुक्त करू. वर्षअखेरीस, ३० डिसेंबरला, आधी नोकरी केलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांना पुन्हा भरती करण्यास वॉशिंग्टनने परवानगी दिली.

तिचे पत्र त्याच्या हाती डिसेंबरच्या मध्याला पडले होते. त्याने २८ फेब्रुवारी १७७६ रोजी उत्तर लिहिले. आरंभी उशिराबद्दल क्षमा मागितली, तिच्या प्रतिभेची वाखाणणी केली, आणि कविता स्वतःच छापून आणली असती, पण आत्मप्रौढीचा आरोप येईल म्हणून थांबलो, असे कळविले. केंब्रिजला कधी येणे झाले तर भेटावे, असे निमंत्रणही दिले. शेवटी त्या काळच्या पत्ररिवाजाप्रमाणे ‘आपला आज्ञाधारक नम्र सेवक’ अशा अर्थाचे शब्द लिहून सही केली. माउंट व्हर्नन येथे कितीतरी गुलाम बाळगणारा हा जमीनदार, एकेकाळी बाजारात विकल्या गेलेल्या मुलीला स्वतःला सेवक म्हणवितो! हा रिवाजच होता, हे आम्ही जाणतो. पण रिवाज कुणापुढे पाळावा हे माणसाच्या हाती असते, आणि वॉशिंग्टनने तो तिच्यापुढे पाळला. ती कविता १७७६ च्या मार्चअखेर ‘व्हर्जिनिया गॅझेट’मध्ये आणि एप्रिलमध्ये ‘पेनसिल्व्हेनिया मॅगझिन’मध्ये छापून आली. या मासिकाचा संपादक होता टॉमस पेन. हे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. शेवटी त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

ज्या महिन्यात ही कविता छापली गेली, त्याच महिन्यात बॉस्टनजवळच्या ब्रेनट्री गावातून एक पत्र फिलाडेल्फियाला निघाले. ॲबिगेल ॲडम्सने ते ३१ मार्च १७७६ रोजी आपल्या नवऱ्याला लिहिले. जॉन ॲडम्स काँग्रेसमध्ये, ही घरी. मुलेबाळे, शेत, गडीमाणसे, देवीची साथ, सगळे हिच्या गळ्यात. या दांपत्याची अकराशेहून अधिक पत्रे शिल्लक आहेत, ती मुख्यतः अशा ताटातुटीमुळेच. या पत्रात ती म्हणते की, तुम्ही आता नवे कायदे कराल, तेव्हा बायकांचा विसर पडू देऊ नका. नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका, कारण जमले तर सगळेच पुरुष जुलमी होतील. त्याच पत्रात तिने व्हर्जिनियाच्या पुढाऱ्यांविषयीही शंका घेतली आहे: दुसऱ्याचे स्वातंत्र्य हिरावण्याची ज्यांना रोजची सवय, त्यांच्या मनात स्वातंत्र्याची ओढ आपल्याइतकीच प्रबळ असेल काय?

जॉन ॲडम्सचे १४ एप्रिलचे उत्तर आपण सर्व विवाहित पुरुषांनी वाचण्यासारखे आहे. तो म्हणतो, मला हसू आले. आमच्या चळवळीने सगळीकडचा धाक सैल झाला आहे, मुले ऐकत नाहीत, उमेदवार कारागीर ऐकत नाहीत, गुलाम उर्मट झाले, असे कानी येतच होते. पण या सर्वांहून संख्येने मोठी आणि बलवान अशी आणखी एक जमात बिथरली आहे, हे तुझ्या पत्राने प्रथमच कळले. पुरुषांची सत्ता ही नावापुरतीच आहे, खरे राज्य तुमचेच, असे म्हणून त्याने विषय थट्टेवारी नेला. ॲबिगेलने ७ मे रोजी शांतपणे उलट लिहिले की, साऱ्या राष्ट्रांना मुक्त करावयास निघालेले तुम्ही बायकांवरची निरंकुश सत्ता मात्र सोडीत नाही. गंमत पुढेच आहे. २६ मे रोजी याच ॲडम्सने जेम्स सुलिव्हन या राजकारणी मित्राला अगदी गंभीरपणे लिहिले की, मताधिकाराच्या अटींना एकदा हात लावला तर याला अंत राहणार नाही. बायका मत मागतील, पोरे मागतील, दमडी नसलेला माणूसही मागेल. म्हणजे बायकोपुढे ज्या गोष्टीला तो हसला, ती गोष्ट त्याला मित्रापुढे हसण्यासारखी वाटत नव्हती. दोन पत्रे शेजारी ठेवली म्हणजेच हे दिसते. एकेकटे वाचून दिसत नाही.

आता तिसरे पत्र. बेंजामिन बॅनेकर हा मेरीलंडमधला स्वतंत्र कृष्णवर्णी शेतकरी. जन्म १७३१ चा. पटॅप्स्को नदीजवळ त्याची तंबाखूची शेती होती. बाविशीच्या सुमारास त्याने लाकडाचे घड्याळ स्वतः बनविले. पुढे जॉर्ज एलिकट या शेजाऱ्याकडून ग्रंथ आणि उपकरणे उसनी आणून उतारवयात खगोलगणित शिकला. १७९१ च्या आरंभी, अमेरिकेच्या नव्या राजधानीसाठी जमिनीची मोजणी चालली होती, तेव्हा अँड्र्यू एलिकटच्या हाताखाली त्याने काही महिने काम केले. घरी परतल्यावर त्याने १७९२ सालचे पंचांग तयार केले, ग्रहणांचे आणि ग्रहस्थितीचे गणित स्वतः करून. छापण्यापूर्वी त्याची हस्तलिखित प्रत त्याने जेफर्सनकडे पाठविली, आणि सोबत १९ ऑगस्ट १७९१ चे पत्र जोडले. जेफर्सन तेव्हा परराष्ट्रमंत्री होता.

जेफर्सनच का? कारण चार वर्षांपूर्वी, १७८७ साली, लंडनमध्ये जेफर्सनचे व्हर्जिनियाविषयीचे पुस्तक जाहीरपणे प्रसिद्ध झाले होते. त्यात त्याने आफ्रिकी लोक बुद्धीने गोऱ्यांहून कमी असावेत असा संशय मांडला होता, आणि फिलिस व्हीटलीचे नाव घेऊन, तिचे नाव चुकीचे लिहून, तिची कविता टीकेच्याही योग्यतेची नाही असे म्हटले होते. तिला उत्तर देता येण्यासारखे नव्हते. ५ डिसेंबर १७८४ रोजी, वयाच्या सुमारे एकतिसाव्या वर्षी, ती बॉस्टनमध्ये दारिद्र्यात मरण पावली होती. १७७९ साली तिने दुसऱ्या संग्रहासाठी वर्गणीदार मागविले होते. त्यात कवितांबरोबर तिची पत्रेही यावयाची होती, आणि अर्पणपत्रिका फ्रँकलिनच्या नावे होती. वर्गणीदार मिळाले नाहीत, आणि ते हस्तलिखित कायमचे नाहीसे झाले.

बॅनेकरचे पत्र अत्यंत विनयाचे आहे, आणि विनयामुळेच ते झोंबते. एवढ्या थोर पदावरील गृहस्थास लिहिण्याचे धाडस करीत आहे, असे तो म्हणतो. मी आफ्रिकी वंशाचा आहे, हे तो अभिमानाने सांगतो. मग जेफर्सनला तो युद्धाच्या दिवसांची आठवण करून देतो: इंग्रज राजाने तुम्हांला दास्यात लोटू पाहिले तेव्हा तुम्हांला काय वाटले होते ते आठवा. तेव्हा तुम्ही सर्व माणसे समान निर्मिली आहेत असे जगाला सांगितलेत. आणि त्याच वेळी, दुसऱ्यांच्या ज्या अपराधाचा तुम्हांला तिटकारा होता, तोच अपराध माझ्या बांधवांना कपटाने आणि बळाने जखडून ठेवून तुम्ही स्वतः करीत होता, ही किती खेदाची गोष्ट! जेफर्सनचे वाक्य त्याने जेफर्सनच्याच पुढ्यात ठेवले.

अकराव्या दिवशी, ३० ऑगस्टला, जेफर्सनचे उत्तर निघाले. त्याने आभार मानले. निसर्गाने तुमच्या बांधवांना इतर वर्णांइतकीच बुद्धी दिली आहे याचा पुरावा पाहण्यास माझ्याइतका उत्सुक कुणी नसेल, असे लिहिले. आणि पंचांगाची प्रत पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे कार्यवाह कोंदोर्से यांच्याकडे धाडली असल्याचे कळविले. खालची सही पुन्हा नम्र सेवकाची. आरोपाविषयी एक अक्षर नाही. बॅनेकर धूर्त होता. त्याने दोन्ही पत्रे १७९२ साली छापून काढली, आणि पुढील साली आपल्या पंचांगातही घातली. पंचांग घरोघर जाते, भिंतीला टांगले जाते, वर्षभर उघडले जाते. १७९२ ते १७९७ अशी सहा वर्षे त्याची पंचांगे निघत राहिली.

येथे थांबलो असतो तर जेफर्सनविषयी आमचे मत बरेच बरे झाले असते. पण पत्रांचे गठ्ठे निर्दय असतात. बॅनेकर १८०६ साली वारला; त्याच्या अंत्यविधीच्या दिवशीच त्याचे घर जळाले, लाकडी घड्याळही गेले. त्यानंतर तीन वर्षांनी, ८ ऑक्टोबर १८०९ रोजी, जेफर्सनने जोएल बार्लो या कवी आणि मुत्सद्दी असलेल्या स्नेह्याला लिहिले की, बॅनेकरला एलिकटची मदत असावी असा संशय येतो, आणि त्याच्या त्या लांबलचक पत्रावरून तो अगदी सामान्य बुद्धीचा दिसतो. बॅनेकरला लिहिलेले उत्तर जगाने वाचले होते. हे पत्र मित्रासाठी होते. मात्र त्याच १८०९ सालच्या फेब्रुवारीत जेफर्सनने फ्रान्सच्या ग्रेग्वार या धर्माधिकाऱ्याला लिहिलेले पत्रही आपल्यापुढे आहे. त्यात तो म्हणतो की, बुद्धी किती आहे यावर माणसाचे हक्क अवलंबून नसतात. न्यूटन इतरांहून बुद्धिमान होता म्हणून काही तो इतरांच्या देहाचा नि मालमत्तेचा धनी ठरला नाही. गुलामगिरीविरुद्ध याहून नेमका युक्तिवाद शोधूनही सापडणार नाही. ज्याने तो लिहिला, त्याच्या मालकीत जन्मभरात सहाशेहून अधिक माणसे होती. ४ जुलै १८२६ रोजी तो वारला आणि पुढच्या वर्षापासून मॉन्टिसेलोवरील माणसांचे लिलाव सुरू झाले.

मग या थोरांचे आम्ही करावे तरी काय? दोन सोपे मार्ग आहेत. एक, ते त्यांच्या काळाची लेकरे होते असे म्हणून सोडून द्यावे. पण फिलिस, ॲबिगेल आणि बॅनेकर हीही त्याच काळाची लेकरे होती. त्यांना दिसले ते त्या काळात दिसण्यासारखे होते. दुसरा मार्ग, सगळेच ढोंग होते असे म्हणून जाहीरनामाच फेकून द्यावा. त्यालाही पत्रे आडवी येतात. फ्रँकलिनने स्वतः गुलाम बाळगले होते आणि त्याच्या वर्तमानपत्रात गुलामविक्रीच्या जाहिराती येत. तरी मरणाच्या दोनच महिने आधी, फेब्रुवारी १७९० मध्ये, गुलामगिरी नष्ट करावी असा अर्ज त्याच्याच सहीने काँग्रेसपुढे आला. वॉशिंग्टनने मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या १२३ गुलामांच्या मुक्ततेची तरतूद केली. उशीर झाला होता, फार उशीर झाला होता; तरी शब्द त्यांना आतून पोखरीत होते, हे त्यावरून दिसते.

आणि शब्द लिहिणाऱ्याचेच राहत नाहीत. मॅसॅच्युसेट्सची १७८० ची राज्यघटना मुख्यतः जॉन ॲडम्सने लिहिली. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, असे तत्त्व तीत आहे. बेट नावाच्या एका गुलाम बाईने, जिला लिहिता-वाचता येत नव्हते, १७८१ साली त्याच तत्त्वाच्या बळावर कोर्टात दावा लावला, आणि ती जिंकली. १७८३ पर्यंत त्या राज्यातील वरिष्ठ न्यायालयानेही गुलामगिरी घटनेशी विसंगत ठरविली. १७९० च्या खानेसुमारीत मॅसॅच्युसेट्समध्ये एकही गुलाम नोंदलेला नाही. बेटला ते पत्र कुणी लिहिले नव्हते. तिने ऐकले आणि ते आपले म्हटले. साऱ्या देशात हेच घडावयास मात्र १८६५ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी लाखो माणसांचे प्राण गेले.

शेवटी टॉमस पेन. फिलिसची कविता छापणाऱ्या या संपादकाने पुढे ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ लिहिला. तो ग्रंथ पुण्यातल्या एका तरुणाच्या हाती पडला आणि त्याच्या मनात कायमचे घर करून राहिला. तो तरुण म्हणजे जोतीराव फुले. पेननेही ते पुस्तक काही पुण्याच्या माळ्याच्या मुलासाठी लिहिलेले नव्हते. १८७३ साली जोतीरावांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले, आणि गुलामांना मुक्त करण्याच्या कामी अमेरिकेतील सदाचारी लोकांनी जी निरपेक्ष वृत्ती व स्वार्थत्याग दाखविला, त्याच्या गौरवार्थ ते त्यांना अर्पण केलेले आहे. माझ्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्या अर्पणपत्रिकेत आहे. फिलिसचा संग्रह १७७३ चा, ‘गुलामगिरी’ १८७३ ची. मध्ये बरोबर शंभर वर्षे.

ती अर्पणपत्रिका छापली आहे अमेरिकेच्या लोकांच्या नावाने. तिच्यातली विनंती मात्र आमच्या नावची आहे. आम्ही तिला उत्तर कसे दिले? बॅनेकरला जेफर्सनने दिले तसे, आभार मानून, प्रत पुढे पाठवून, आणि मुद्द्याला बगल देऊन? घरी गेल्यावर आपण प्रत्येकाने या प्रश्नाचा विचार करावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.